उजवा कौल

"बाई, माझो बापूस येतलो, नायतर येवचो नाय. दोनच शक्यता. मगे आर्धी मा?"

सुगंधाने उभं राहून हे विचारलं तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही. त्याच्या जरासंच आधी सगळा वर्ग पोट धरून हसत होता. मागच्या बाकावरच्या भिकाजीने जाहीर केलं होतं, की तो दहावीत पास होईल किंवा नापास होईल, शक्यता दोनच, म्हणजे पास व्हायची संभाव्यता निम्मी. आणि निम्मं काम देवानेच करून ठेवलंय तर अभ्यास कशाला करायचा? मी त्याला म्हटलं, "अरे शहाण्या, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत तुझं नाव येईल किंवा येणार नाही, याही दोनच शक्यता. तीही निम्मी का?" तो म्हणाला, "तसा झाला तर बराच, बाई." त्यावर खिदळणं चाललं होतं, आणि त्यातच ही मुलगी उभी राहिली.

मी मूळची बार्शीची. आमच्याकडे माणूस तोंड उघडतो तेव्हा शेजाऱ्याला वाटतं भांडण सुरू झालं. कोकणातल्या त्या बांबरखोल गावात मी गणित शिकवायला गेले तेव्हा पहिल्या वर्षी पालकांनी मुख्याध्यापकांना विचारलं होतं म्हणे, की नव्या बाई कायम रागावलेल्या का असतात? पण त्या दिवशी माझाही आवाज खाली आला. सुगंधाच्या बापाचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. वासुदेव गुरव, मच्छीमार ट्रॉलरवर स्वयंपाकी. पाच वर्षांपूर्वीच्या वादळात ट्रॉलर फुटला. बाकीच्यांचे देह या ना त्या किनाऱ्याला लागले, त्याचा लागला नाही.

"नाही गं," मी म्हटलं. "शक्यता दोन असल्या म्हणून त्या सारख्या असतात असं नाही. नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या घडवलेल्या असतात, म्हणून न उडवताच आपण अर्धी म्हणतो. ती सैद्धांतिक संभाव्यता. जिथं दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाहीत हेच माहीत नाही, तिथं पुन्हापुन्हा करून बघायचं आणि मोजायचं. ती प्रायोगिक."

"आणि जा पुन्हापुन्हा होणाच नाय? एकदाच होता, ता?"

मी फळ्याकडे वळून उगाच खडू शोधला. मग वळून खरं तेच सांगितलं, की ते या धड्यात नाही आणि मलाही येत नाही. ती "बरा" म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मी चिंचोके नेले. दोन तुकडे केलेले, एका बाजूने पांढरे, दुसऱ्या बाजूने काळे. पट मांडून खेळायला घरोघर असतात तसले. आधी सगळ्यांना नाणी उडवायला लावली. भिकाजीला दहापैकी सात वेळा छापा आला आणि त्याने लगेच ओरडून सांगितलं, "बाई, पुस्तक खोटा!" मग मी सगळ्या वर्गाचे छापे-काटे फळ्यावर एकत्र मांडले, तेव्हा बेरीज निम्म्याच्या जवळ सरकली. भिकाजी म्हणाला, "म्हणजे माझा चुकीचा, पण सगळ्यांचा मिळून बरोबर?" मला ते उत्तर इतकं आवडलं की त्याला मी पुढच्या बाकावर बसवलं. त्याला ती शिक्षा वाटली.

मग चिंचोके. टाकण्यापूर्वी विचारलं, पांढरी बाजू वर किती वेळा येईल? सगळ्यांनी निम्मी म्हटलं. टाकले, मोजले, आणि ते निम्म्याच्या आसपाससुद्धा आलं नाही. पुन्हा टाकले, तेच. पोरं चिंचोका हातात घेऊन निरखायला लागली, कुठे फुगीर, कुठे सपाट. कोणत्याही गणितशिक्षकाला वर्षातून एखादाच असा तास मिळतो. घंटा झाली तरी कुणी उठेना.

सुगंधा मागे राहिली. "बाई, चिंचोके मी नेव?"

"सगळे ने. घरी टाकून बघणार?"

"नाय. मोजूक होये."

मी जास्त विचारलं नाही. माझ्या डोक्यात तिच्याबद्दल वेगळीच खटपट चालू होती. तिच्यासारखी गणिताची मुलगी मला त्या शाळेत दुसरी मिळाली नव्हती. दहावीनंतर तिला रत्नागिरीला विज्ञान शाखेत घालायचं, वसतिगृहात ठेवायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मुलीलाही जायचं होतं. अडचण तिच्या आईची होती. दिवाळीनंतर मी तिच्याकडे जाऊन आले होते. जयवंती देवळामागच्या घरात राहायची. थोरला दीर अंकुशराव देवाचा गुरव, आणि ही देवाची भांडी घासायची, फुलं गुंफायची. मी गेले तेव्हा अंगणात बसून ती हार करत होती. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला ठसठशीत कुंकू.

मी रत्नागिरीचं नाव काढलं तशी ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी तिच्या बऱ्याचाच सांगतास. पण तिचो बापूस इल्याबिगर चेडू घर सोडूचा नाय. तो येतलो तेवा घर भरलेला दिसाक होया."

"आणि ते..." मी अडखळले. "त्यांना वेळ लागला तर?"

"लागांदे. देवान सांगल्यान हा. दर वर्साक उजवो कौल देता."

कौल म्हणजे काय ते मला तिथं गेल्यावरच कळलं होतं. देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना फुलाचा एकेक कळा पाण्यात भिजवून चिकटवायचा. गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. देवाच्या उजव्या अंगाचा कळा आधी पडला तर होकार, डाव्या अंगाचा पडला तर नकार. म्हैस हरवली, मुलीला स्थळ आलं, विहीर कुठे खणायची, मुंबईचा भाऊ गणपतीला येईल का, सगळं गावदेव रवळनाथाला विचारूनच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बार्शीच्या तोंडाने काहीतरी बोलणार होते, पण समोरचा म्हातारा हात जोडून असा थरथरत उभा होता, की गप्प बसले. वासुदेवासाठीचा कौल माघी पौर्णिमेला लागायचा. पाच वर्षांत तो एकदाही डावा झाला नव्हता.

जानेवारी सरत आला होता. एके दिवशी शाळा सुटल्यावर सुगंधा माझ्या खोलीवर आली. हातात दोन करवंट्या, वरून फडकं बांधलेलं. तिने त्या माझ्यासमोर ठेवल्या आणि फडकी सोडली. एक करवंटी चिंचोक्यांनी शिगोशीग भरली होती. दुसरीत तळ झाकेल इतकेच होते.

"हे काय?"

"ह्यो उजवो. ह्यो डावो." ती खाली बसली. "रोज सकाळी मी देवळात फुला करूक बसतंय. कौल लागलो काय एक चिंचोको घालतंय. कोणी काय इचारला ता बघूक नाय. नुसतो खयचो कळो आधी पडलो, तितक्याच."

मी एका करवंटीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. इतकी वर्षं शिकवत होते, पण धड्यातला प्रयोग कुणी असा बाहेर नेऊन, न सांगता, रोज उठून केला नव्हता. मी तिला मिठीच मारणार होते.

"सुगंधा, अगं, कारण काय असेल? दगड कलता आहे का?"

"समई," ती म्हणाली. "देवाच्या उजव्या हाताक ती मोठी समई असा मा, देवाच्या खांद्याइतकी? ती कायम पेटलेली. त्या अंगाचा पाणी आधी सुकता."

"मग समई दुसऱ्या अंगाला ठेवून बघ! काकांना सांग. तसं केलं आणि डावे जास्त पडायला लागले, तर सिद्धच झालं."

"समई हलवूची नाय, बाई. पयल्यापासून थयच असा. रीत असा ती."

आणि मग तिचा चेहरा पाहिला तेव्हा माझा सगळा आनंद जागच्या जागी थिजला. मी मूर्खासारखी प्रयोगावर खूश होत होते. ही पोर रोज एकेक चिंचोका टाकताना काय मोजत होती, ते मला आत्ता कळत होतं. पाच वर्षांचे ते पाच उजवे कौल, ज्यांच्यावर तिच्या आईचं कुंकू उभं होतं, ते त्या भरलेल्या करवंटीत येऊन पडले होते.

"आईला सांगितलंस?"

"कसा सांगू?"

मी म्हटलं, "हे बघ, यावरून बाबा नाहीत असं सिद्ध होत नाही. कौल लावला काय, न लावला काय, त्यांच्याबद्दल आपल्याला जितकं माहीत होतं तितकंच आहे. एवढंच यातून निघतं."

"माका कळता ता," ती म्हणाली. "पण आयेकडे दुसरा काय नाय. तिच्याकडे तो कौलच असा." भरलेल्या करवंटीकडे बघत म्हणाली, "आणि कौल असा तवसर मी हयच."

तिच्या आवाजात राग होता, आणि राग आल्याची लाजही होती. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. आपण जायचं म्हणून बापाला मेलेला ठरवायचा का, हे ती स्वतःला विचारत असणार. मी म्हटलं, "मी येऊन बोलते तुझ्या आईशी. समईचं मी सांगते. वाईटपणा माझ्या माथी येऊ दे, तसंही गावाला मी भांडखोरच वाटते."

ती पहिल्यांदाच थोडी हसली. "नको, बाई. तुमी काय बोलूचा नाय. पुनवेक कौल लागतलो तेवा तुमी फकत येवा. माझ्या वांगडा उभ्या ऱ्हवा."

"तू काय करणार आहेस?"

"माका अजून म्हायत नाय," ती म्हणाली आणि फडकी बांधायला लागली.

माघी पौर्णिमेला मी सकाळीच देवळात गेले. गर्दी नव्हती, जत्रेतला कौल नव्हता हा, घरचा होता. गुरवाच्या भावकीतली चार-सहा माणसं, दोन शेजारणी. जयवंती खांबाला टेकून उभी होती. नवं लुगडं नेसली होती. तिचा चेहरा मी नीट पाहिला. घाबरलेला नव्हता. वर्षाचं एक काम आज उरकायचं, असा होता. मला पाहून तिने मान हलवली. सुगंधा तिच्यापासून जरा दूर होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

गाभाऱ्यात समई होतीच, देवाच्या उजव्या अंगाला, वातीची जीभ पाषाणाकडे झुकलेली. एरवी माझं तिकडे लक्षही गेलं नसतं. त्या दिवशी मला दुसरं काही दिसेना.

अंकुशरावांनी तांब्यात कळे भिजवले आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. भला माणूस. भावाच्या आठवणीने दर वर्षी त्यांचा आवाज याच ठिकाणी कापतो, असं शेजारची बाई माझ्या कानात कुजबुजली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, तुझ्या पायाकडचो सेवेकरी बोलता हा..."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तुझा लेकरू वासुदेव दर्यात गेला ता घराक इला नाय, म्हाराजा. ता खंयव असात, जित्ता असात, परतान येवचा असात, तर..."

"काका."

अंकुशराव थांबले. गाऱ्हाण्याच्या मध्ये कुणी बोलत नाही. सगळ्या माना वळल्या. सुगंधा दोन पावलं पुढे गेली होती.

"काका, औंदा उलटा इचारा."

"काय म्हणतंस?"

"दर वर्साक तुमी इचारतास, जित्तो असात तर उजवो दी. औंदा इचारा, गेलो असात तर उजवो दी."

एक शेजारीण "अगो बाय!" म्हणाली. अंकुशरावांचा चेहरा उतरला. "चेडवा, असा अभद्र तोंडातसून काढतंस? बापूस तो तुझो."

"माझोच बापूस. म्हणान सांगतंय." तिचा आवाज फुटत होता तरी ती बोलत राहिली. "देव खरा सांगता मा, काका? मगे कसाय इचारला तरी खराच सांगतलो. बाबा जित्तो असात, तर डावो कळो पाडीत. आमका काय भिया?"

मी तिला वर्गात काय काय शिकवलं होतं, पण हे शिकवलं नव्हतं. तिने समईचं नाव काढलं नाही, करवंट्यांचं काढलं नाही, देवाला खोटं म्हटलं नाही. देवावर सगळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवून ती बोलली होती. अंकुशरावांनी तांब्यातले कळे बोटांनी ढवळले. मग म्हणाले, "बोलता ता तसा खोटा नाय. देवाक काय, कसाय इचारा." त्यांनी कळे हातात घेतले आणि पाषाणाकडे वळले. "बा देवा म्हाराजा..."

"भावजी, थांबा."

जयवंती खांब सोडून पुढे आली होती. सकाळपासूनचा तो शांत चेहरा आता नव्हता. डोळे समईवर होते. तिकडून ते पाषाणाकडे गेले, मग मुलीकडे. तिने सुगंधाचं मनगट धरलं, इतकं घट्ट, की बांगड्या सरकून वर गेल्या.

"ता इचारू नको."

"कित्या, आये?"

जयवंतीची नजर पुन्हा समईकडे गेली.

"कित्या नको? देव आपलो मा? पाच वर्सा तेनाच सांगल्यान मा?"

"नको म्हटला मा मी." मग ती एकदम खालच्या आवाजात बोलली, पण देवळात दुसरा आवाजच नव्हता. "तुका रत्नागिरीक जावचा हा मा? जा. निकाल लागलो काय जा. मी आडवूचंय नाय. बाई हयच असत, तेंच्यासमोर सांगतंय. पण ता देवाक इचारू नको."

सुगंधा आईकडे बघत राहिली. जे हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ते मिळताना तिच्या चेहऱ्याचं जे झालं ते मला बघवेना. मला तिथून पळून जावंसं वाटलं. ती पोर समजून बसली होती की आईला काही ठाऊक नाही आणि ते आपल्याला सांगावं लागणार आहे.

अंकुशराव कळे हातात घेऊन तसेच उभे होते. "मगे जयवंती, कौल लावचो काय ऱ्हवांदे?"

"लावा," जयवंती म्हणाली. तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला. "दर वर्साचो लावा."

त्यांनी कळे चिकटवले. नेहमीचं गाऱ्हाणं घातलं. वासुदेव जित्ता असात, परतान येवचा असात, तर उजवो कौल दी म्हाराजा. सगळे पाषाणाकडे बघत होते. जयवंतीने मुलीचं मनगट सोडलं नव्हतं. वात हलली, स्थिर झाली. वाट बघत आम्ही उभे राहिलो, आणि मग उजव्या अंगाचा कळा सुटला आणि देवाच्या पायाशी पडला.

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

सुगंधाही म्हणाली. मी तिच्या शेजारीच होते. तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.